सेंट अँड्र्यूजला सोडत लागली नाही, मग ईलीला जाऊन खेळलो

मुळाकाठ (धागाकर्ता):

सरकारी घरांच्या सोडतीत आमचं नाव दोनदा लागलं नाही, सेंट अँड्र्यूजच्या (स्कॉटलंडमधलं गोल्फचं गाव) ओल्ड कोर्सवर खेळायच्या सोडतीत चारदा. तरी धागा काढतोय, कारण त्यानंतर जे खेळायला मिळालं त्याची गंमत अजून उतरलेली नाही.

वय ६१, पुण्यात शनिवार-रविवार खेळतो, हँडिकॅप २२ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). म्हणजे माझ्या खेळाबद्दल कुणी भलत्या कल्पना करून घेऊ नयेत. लेक एडिंबराला असते. जून २०२४ मध्ये तिच्याकडे गेलो होतो, त्यातले सहा दिवस आम्ही दोघं सेंट अँड्र्यूजला राहिलो. आमची ही गोल्फ खेळत नाही. पडकं कॅथेड्रल, पडका किल्ला आणि आइस्क्रीम असा तिचा स्वतंत्र कार्यक्रम होता.

ओल्ड कोर्स हा कुठल्या क्लबचा खासगी कोर्स नाही, हे तिथे जाईपर्यंत मलाही नीट कळलं नव्हतं. कोर्सलगतच्या दगडी इमारतीतला प्रसिद्ध क्लब १७५४ चा, पण जमीन त्याची नव्हे. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने सनद देऊन या वाळूच्या माळावर (यालाच 'लिंक्स' म्हणतात) खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. स्वतःकडे काय राखून ठेवलं, तर तिथे ससे पाळायचा हक्क! पुढे १७९७ मध्ये गावाचं दिवाळं निघालं, माळ सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेला आणि गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असा वाद कित्येक वर्षं कोर्टात चालला. आता १९७४ पासून एक ट्रस्ट सगळं बघतो. त्यामुळे कुणीही खेळू शकतं, फक्त नंबर लागला पाहिजे.

दोघं ते चौघं असाल तर दोन दिवस आधी सोडतीला नाव द्यायचं. माझ्यासारखा एकटा असेल तर आदल्या दिवशी स्वतः हजर राहून नोंद करायची. संध्याकाळी फोनवर निकाल येतो. २०२४ च्या आधी एकटे लोक मध्यरात्रीपासून झोपायच्या पिशव्या घेऊन रांगेत बसायचे, ते आता बंद झालं. हँडिकॅपचं कार्ड लागतं. त्या सीझनची फी ३२० पौंड, म्हणजे ३४ हजार रुपयांच्या घरात. हिला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "नाही लागला नंबर तर फार वाईट वाटून घेऊ नका."

मंगळवारी नाव दिलं, नाही. बुधवारी, नाही. गुरुवारी संध्याकाळी मासे-चिप्स खाताना फोन वाजला, तोही नकाराचा. मग घरमालकीणबाई म्हणाल्या, ईलीच्या कोर्सला फोन करून बघ, शुक्रवारी एकट्याला घेतील. घेतलं.

ईली तिथून साधारण २० किलोमीटर. ९५ नंबरची बस किनाऱ्याकिनाऱ्याने क्रेल, अँस्ट्रदर अशी कोळ्यांची गावं करत जाते. सकाळी निघण्याआधी ओल्ड कोर्सला चौथ्यांदा नाव देऊन आलो (संध्याकाळी तेही गेलं) आणि गोल्फची बॅग घेऊन बसमध्ये चढलो. ड्रायव्हरने ढुंकून पाहिलं नाही. आपल्याकडे एसटीत बॅग घेऊन चढलो असतो तर कंडक्टरने आधी विचारलं असतं, हे काय आहे, आणि मग अर्धं तिकीट लावलं असतं.

ईलीच्या पहिल्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) उभं राहिलं की समोर फेअरवे, म्हणजे बॉल टाकायची कापलेल्या गवताची पट्टी, दिसतच नाही, दिसते ती गवताची टेकडी. पलीकडे कुणी खेळत असेल तर त्याच्या टाळक्यात बॉल बसायचा. म्हणून स्टार्टरच्या (खेळणाऱ्यांना पाळीने सोडणाऱ्याच्या) खोपटात पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. चेष्टा नाही. 'एक्सकॅलिबर' नावाच्या ब्रिटिश पाणबुडीचा, १९६० च्या दशकात इथे आणलेला. स्टार्टरने मला आत बोलावलं. दोन्ही बाजूंच्या मुठी धरून डोळा लावला, सगळा यंत्रभागच गोल फिरवला, आणि टेकडीपलीकडची पुढची मंडळी दिसली: एक बाई ट्रॉली ओढत होती आणि तिचा जोडीदार टोपीला हात लावून चालला होता. वाऱ्याचा अंदाज मला त्या टोपीवरूनच आला. "आता मारा," स्टार्टर म्हणाला. मारला. टेकडीच्या अंगाला लागून बॉल माझ्या दिशेने ३ फूट परत आला.

माझ्याबरोबर गावातले दोन निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी ना हसू आणलं, ना "हार्ड लक" म्हटलं. थोरल्याने फक्त सांगितलं, "बॉल खाली ठेव. वर गेला की तो तुझा राहत नाही."

पुढचं उद्या लिहितो. जेवायला बोलावणं आलंय.

शेंगदाणा:

जळजळ झाली, इनो घेतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पाणबुडीचा पेरिस्कोप वाचून चहा सांडला.

खाडीपलीकडे:

काका, समुद्रकाठच्या प्रत्येक कोर्सला लिंक्स म्हणतात का? तसं असेल तर आमच्या गावी सुरूच्या बनात आम्ही काठीने नारळ टोलवायचो तेही लिंक्सच.

उत्तरवारा:

@खाडीपलीकडे, नाही हो, समुद्र दिसला म्हणजे लिंक्स होत नाही. मी १४ वर्षं अबर्डीनला आहे, नवरा खेळतो, मी सोबत चालते, त्यावर सांगते. पुळण आणि शेतजमीन यांच्या मधला जो वाळूचा उंचसखल पट्टा, त्याला लिंक्स म्हणायचं. त्यात काही पिकत नाही. पाऊस पडला की पाणी लगेच खाली जिरतं, वर बारीक, चिवट गवत राहतं. मेंढ्या चरायच्या, वारं लागू नये म्हणून खळग्यांत अंग चोरून बसायच्या. वाळूचे बंकर, म्हणजे बॉल अडकतो ते खड्डे, तिथूनच आले असं इथले लोक सांगतात. उंचावर, कड्यावर कोर्स असेल तर नजारा फार सुंदर, पण जमीन ती नव्हे. सेंट अँड्र्यूजचाच २००८ चा कॅसल कोर्स कड्यावर आहे, तिथे बटाट्याची शेती होती.

खाडीपलीकडे:

आलं लक्षात. आमच्याकडे पुळणीमागच्या त्याच पट्टीवर माड लागतात, वाड्या उठतात. वाळूत मर्यादवेल पसरली की पुढे कुंपणच. रिकामी जागा राहिलीच नाही, नाहीतर गोल्फ रत्नागिरीत निघाला असता.

तिरपा_कटाक्ष:

३४ हजार रुपये देऊन कुणाच्या तरी माळावर चालायचं, तेही चिठ्ठी निघाली तर! हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. एक साधा प्रश्न आहे, राग मानू नका. आपल्याकडे शहराच्या मधोमध शे-सव्वाशे एकर हिरवळ कुंपणात ठेवून शंभर-दोनशे माणसं खेळतात, बाहेर लोकांना चालायला फुटपाथ नाही. ह्यात आनंद कसला?

मुळाकाठ:

@तिरपा_कटाक्ष, राग कसला. कुंपणाचा मुद्दा मान्य आहे, मी स्वतः त्या कुंपणाच्या आत खेळतो. म्हणूनच सेंट अँड्र्यूजचा रविवार सांगतो.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर दर रविवारी. म्हणजे खेळ बंद. कोर्स उघडा, अख्ख्या गावाला. माझा नंबर चारदा लागला नाही आणि रविवारी मी फुकटात पहिल्या टीपासून अठराव्या ग्रीनपर्यंत चाललो. (ग्रीन म्हणजे झेंडा आणि भोक असलेली आखूड गवताची जागा, टीपासून ग्रीनपर्यंत एक होल.) बाबागाड्या होत्या, कुत्री होती. एक आजोबा हेल बंकरच्या काठावर बसून सँडविच खात होते. तो बंकर १४ व्या होलवर आहे, माणसाच्या डोक्यावर जाईल इतका खोल. मी आत उतरलो तर आकाश आणि समोर गवताच्या चकत्या रचून केलेली भिंत, बाकी काही दिसेना. वर येताना ही हात देईना, फोटो काढत होती.

चालताना जे कळलं ते टीव्हीवर कधी कळलं नव्हतं. तिथली ग्रीन्स जोडीने आहेत. जाणारा आणि येणारा होल एकाच प्रचंड ग्रीनवर, दोन झेंडे. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा... बेरीज दरवेळी १८. सातच अशी जोडग्रीन्स. पहिला, नववा, सतरावा, अठरावा तेवढे एकटे. हिने हे पाचव्या ग्रीनवर ओळखलं, मला सांगावं लागलं नाही. (शाळेत गणित शिकवायची.) आणि १८ होल्स का, तर इथे आधी २२ होते, १७६४ मध्ये काही लहान होल्स एकत्र करून १८ केले, पुढे जगाने तेच उचललं.

पहिल्या आणि अठराव्याच्या मधून एक गावरस्ता आडवा जातो, त्यावरून लोक समुद्राकडे जातात. इतर दिवशी खेळणारे थांबतात, आजी पिशवी घेऊन पलीकडे जाते, मग हे मारतात.

तिरपा_कटाक्ष:

हे माहीत नव्हतं. आपल्याकडच्या कोर्सवाल्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा, मी माझे शब्द मागे घेतो. तोवर नाही.

दुसरी_पाळी:

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझे वडील मुंबईतल्या एका कोर्सवर ३१ वर्षं कॅडी होते. साहेबाच्या आधी सहाला हजर, बॅग खांद्यावर, पायात स्लीपर. आम्ही भाऊ सुट्टीत तळ्यात उतरून बॉल काढायचो, धुऊन पुसून विकायचो. मी आयुष्यात एकही राउंड खेळलो नाही, पण ग्रीनवर पाणी कुठून कुठे वाहील हे मला आजही दिसतं, कारण वडील तसं बघायला शिकवायचे. "बॉल नको बघू, पाऊस बघ," म्हणायचे.

मुळाकाठ साहेब, तिकडे कॅडी घेतला होता का? तिकडच्या कॅडींना काय मान असतो, याची उत्सुकता आहे.

मुळाकाठ:

@दुसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाही घेतला. पैसे वाचवले, आणि खरं सांगायचं तर आपला गचाळ खेळ कुणी तज्ज्ञाने जवळून बघू नये असंही वाटलं. 'साहेब' मात्र नको.

मानाचं म्हणाल तर जे पाहिलं ते असं: ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीजवळ एक कॅडी अमेरिकन पाहुण्याला हातातली काठी काढून घेऊन दुसरी देत होता. विचारून नव्हे, काढून घेऊन. पाहुणा "येस सर" म्हणाला.

तिथल्या जुन्या मोठ्या खेळाडूंची घरंही फार श्रीमंत नव्हती. ओल्ड टॉम मॉरिस (१८२१ ते १९०८) लहानपणी ॲलन रॉबर्टसनकडे बॉल बनवायच्या कामाला लागला. चामड्याच्या पिशवीत उंच टोपीभर पिसं कोंबून ती शिवायची, असा तो बॉल. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा स्वस्त बॉल आला, आणि त्यावरूनच गुरु-शिष्यांचं बिनसलं. ईलीच्या शेजारच्या अर्ल्सफेरीत जन्मलेला जेम्स ब्रेड सुतारकाम शिकला होता. त्याने ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा पाच वेळा जिंकली, त्यातली १९०५ आणि १९१० ची सेंट अँड्र्यूजला.

आता ईलीचं राहिलेलं. आमच्या थोरल्या सोबत्याने पहिल्या होलनंतर माझ्या बॅगेतला ६० अंशांचा वेज बघून मान हलवली. पुण्यात ग्रीनजवळ आलो की मी तोच काढतो: बॉल वर उडवायचा, मऊ हिरवळीवर पडला की थांबतो. इथे जमीन कडक, गवत आखूड, रंग बिस्किटाचा. वरून टाकलेला बॉल टणकन उडून मागच्या वाढलेल्या गवतात, रफमध्ये. चार होल्स हट्ट केला, चारही वाया. पाचव्याला सोबत्याने ग्रीनच्या ३० यार्ड अलीकडे माझ्या हातात पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल ढकलायची काठी, दिला. इतक्या लांबून पटर! ढकलला. बॉल एका खळगीत उतरला, दिसेनासा झाला, पलीकडच्या उंचवट्यावर चढला, डावीकडे कलला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर बसला. गोट्या खेळताना गल्लीच्या उतारावरून गोटी फिरवून आणायचो, अगदी तसं. त्यानंतर वेज बॅगेतून बाहेर आला नाही.

दहावा होल टेकडीवरून थेट समुद्राकडे उतरतो. वर चढेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि माथ्यावर आलो की एकदम सगळं: खाली ग्रीन, मागे खडक, फोर्थची खाडी, पलीकडे बास रॉक पांढराशुभ्र. तो रंग गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा, असं सोबत्याने अजिबात काव्य न करता सांगितलं.

बाराव्याला मात्र भानगड झाली. तो होल पुळणीला लागून वळतो, बाजूनेच किनाऱ्याची पायवाट. माझा त्या दिवसातला सगळ्यात चांगला ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) फेअरवेच्या मधोमध पडला होता. एक तपकिरी कुत्रं आलं, बॉल तोंडात धरला आणि पाण्याकडे पळालं. मालकीण ओरडतेय, मी ओरडतोय, सोबती घड्याळ बघतायत.

शेंगदाणा:

=)) =)) मग? कुत्र्याला कितीचा पेनल्टी?

नियमावर_बोट:

कुणालाच नाही. थांबलेला बॉल बाहेरच्या कुणी हलवला, मग तो माणूस असो की जनावर, तर दंड नसतो. मूळ जागी, जागा नेमकी माहीत नसेल तर अंदाजाने, पुन्हा ठेवायचा. तो बॉल परत मिळाला नाही तर दुसरा चालतो. बॉल पळत असताना कुत्र्याला लागून वळला असता तर मात्र जिथे थांबला तिथूनच खेळायचं, ग्रीनवरून पटरने मारलेल्या फटक्याची गोष्ट वेगळी. शोधायला वेळ ३ मिनिटं. २०१९ च्या आधी ५ होती.

उत्तरवारा:

ती ५ मिनिटं आमच्या अबर्डीनची हो! १७८३ मध्ये इथल्या गोल्फ मंडळाने तो नियम केला. नवरा हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो, म्हणून मला पाठ.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उन्हाळा म्हणून गाफील राहू नका. पूर्वेच्या किनाऱ्यावर 'हार' नावाचं समुद्रधुकं येतं. एडिंबरात कडक ऊन आणि किनाऱ्यावर दहा फुटांवरचं दिसत नाही, असं जूनमध्येही होतं. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. चांगलं जॅकेट आणि दोन हातमोजे न्या, एक ओला होतोच. आणि दुसरी गोष्ट, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळी पाचनंतर निघालात तरी १८ होल्स होतात.

खाडीपलीकडे:

वहिनींनी काही खेळलंच नाही का सहा दिवसांत?

मुळाकाठ:

खेळल्या ना. आणि हा भाग मी लिहिणार नव्हतो.

ओल्ड कोर्सला लागून 'हिमालय' नावाचं पटिंगचं मैदान आहे. हो, हिमालयच. १८६७ मध्ये निघालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं. त्या काळी बाईने काठी खांद्याच्या वर उचलून मारणं शोभत नाही असं मानायचे, म्हणून त्यांना फक्त पटिंग. त्यांनी मग अशी उंचवट्यांची जागा घेतली की भलेभले पुरुष तिथे हरतात. एका कॉफीच्या पैशांत कुणीही जाऊन खेळावं, काठी-बॉल तेच देतात.

बुधवारी संध्याकाळी हिने आयुष्यात पहिल्यांदा पटर हातात धरला. मी वाकून, बसून, एक डोळा मिटून उतार बघायचो. ही साडीचा नव्हे, पण जॅकेटचा घोळ सावरत सरळ जाऊन टोला द्यायची. माझ्याहून ४ फटके कमी. "कॅरमसारखं आहे की," म्हणाली. पुण्यात आल्यापासून सोसायटीत सगळ्यांना स्कोअर माहीत आहे.

हेडफोनवाला:

उशिरा वाचला धागा. वाचनखूण साठवली. २०१५ ची ओपन सेंट अँड्र्यूजलाच होती, अनिर्बान लाहिरी तीसाव्या जागी बरोबरीत आला होता. पठ्ठ्याचा जन्म पुण्याचा. २०२३ ला शुभंकर शर्मा आठव्या जागी बरोबरीत होता, पण ती स्पर्धा इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळ.

प्रश्न: काठ्या इथून नेल्या की भाड्याने घेतल्या?

मुळाकाठ:

नेल्या, आणि चूक केली. विमान कंपनीने बॅग दोन दिवस उशिरा दिली, त्यात लांब फटक्याच्या काठीची, 'ड्रायव्हर'ची, मान वाकलेली. भरपाईचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. पुढच्या वेळी फक्त बूट, पटर आणि हँडिकॅपचं कार्ड नेणार, बाकी भाड्याने. तिकडे चांगले सेट मिळतात. आणि तारखा पक्क्या हव्या असतील, नशिबावर सोडायचं नसेल, तर त्याच ट्रस्टचा १८९५ चा न्यू कोर्स आहे, ओल्डला खेटून. तोही अस्सल लिंक्स, आणि बुकिंग मिळतं. मीच सोडतीच्या नादात दोन दिवस खोली आणि फोन यांच्यात घालवले. ईलीला आधीच दोनदा खेळून झालं असतं.

बाराव्याचं सांगायचं राहिलं. नियमावर_बोट म्हणतात तसाच बॉल ठेवला. तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर आलो, पटरचे तीन फटके घातले. कुत्र्याच्या मालकिणीने माझा बॉल पुसून परत दिला, तो आता टीव्हीखाली ठेवलाय, दातांच्या खुणांसकट.

दुसरी_पाळी:

काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला. वय ७९, ऐकू कमी येतं, त्यामुळे अर्धी सोसायटी ऐकत होती. पेरिस्कोपवर विश्वास बसलेला नाही. कुत्र्याचं ऐकून म्हणाले, आमच्याकडे कावळे न्यायचे, तेव्हाही बॉल तिथेच ठेवायचो. हिमालयवाल्या मैदानाचा फोटो असेल तर टाका, त्यांना उतार बघायचा आहे.

मुळाकाठ:

टाकतोय. संध्याकाळचा आहे, सावल्या लांब पडल्यात, त्यामुळे चढउतार चांगले दिसतात. उजवीकडे कोपऱ्यात समुद्र. लाल जॅकेट म्हणजे आमची ही, पायाशी बॉल आहे, होल डावीकडच्या उंचवट्यामागे. त्यांना विचारा, कुठून मारावा?

दुसरी_पाळी:

मोबाईल आडवा-उभा करून दहा मिनिटं बघितला. म्हणाले, उंचवट्याकडे बघूच नका, समुद्राकडे दोन हात सोडून मारा, आपोआप येईल. आणि बाईंचे पाय बरोबर पडलेत, म्हणाले.

मुळाकाठ:

तिने तिथूनच मारला होता. दोन हात नाही, दीड.

शेंगदाणा:

मला फोटो दिसत नाहीये.